मागच्या खोलीतली बिऱ्हाडं

एक मेला सकाळी झेंडावंदन व्हायचं, वर्गावर्गांत निकाल वाचले जायचे, आणि दुपार कलायच्या आत परतूरच्या स्टेशनवर पत्र्याच्या ट्रंका येऊन टेकायच्या. झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं असायचं आणि नावाखाली गाव. इस्लामपूर, संगमनेर, चाळीसगाव, देवरुख. आपल्या शाळेतली किती माणसं लांबची आहेत, हे गावाला त्या तासाभरात दिसायचं. एरवी वर्षभर ती आमचीच असायची. महाराष्ट्र 1 मे 1960 ला झाला, जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्याआधी परतूर परभणीत होतं. पण आमच्या घरात एक मे म्हणजे मागची खोली रिकामी होण्याचा दिवस. मग जूनपर्यंत त्या खोलीला कुलूप. आजी मात्र रोज दिवेलागणीला तिच्या उंबऱ्यापाशीही दिवा दाखवून यायची.

त्या खोलीत राहून गेलेल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. त्यातले बरेच आता नाहीत. त्यांनी कोणता विषय शिकवला, निकाल किती लावला, हे कागदोपत्री कुठेतरी असेल. शाळा पाच वाजता सुटायची आणि झोप दहाला यायची. ज्याचं घर दोन दिवसांच्या वाटेवर आहे अशा माणसाने आमच्या गावात तो मधला वेळ कसा काढला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या लेखी त्यांनी आम्हाला सगळ्यात मोठं काही दिलं असेल तर ते तेच. त्यांच्या संध्याकाळी.

ही माणसं आमच्याकडे आली कशी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून व्हायचं. 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचंच. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, गावोगाव मराठी शाळा वाढू लागल्या, आणि मराठीतून गणित-शास्त्र शिकवणारे हात कमी पडले. ते हात पुण्या-नगरकडून आले, खानदेशातून आले, वऱ्हाडातून आले. बाहेरून आलेला मास्तर मराठवाड्याला तसा नवा नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ जन्माने सिंदगीचे, विजापूर जिल्ह्यातले. ते आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिक्षक म्हणून आले, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. आमच्या गावी जे आले त्यांच्या वाट्याला इतिहासातली ओळ आली नाही. त्यांनी भाड्याने खोली धरली, खानावळ लावली आणि सकाळी शाळेत गेले.

मागची खोली म्हणजे दहा बाय बाराची. शहाबादी फरशी, वर माळवद, एका भिंतीत दोन कोनाडे. एका कोनाड्यात आरसा आणि दाढीचं सामान, दुसऱ्यात आई-वडिलांचा किंवा नव्या लग्नाचा फोटो. खुंटीला छत्री टांगलेली, आमच्याकडे वर्षातून चार वेळाही न उघडणारी. वातीचा स्टोव्ह, माठ, ट्रंक, आणि ट्रंकेवर रचलेल्या तपासायच्या वह्या. पहिल्या आठवड्यात नवा माणूस खोलीचं दार लावून बसायचा. दुसऱ्या आठवड्यात दार उघडं राहायचं. महिन्याभरात तो आमच्या ओसरीवर आलेला असायचा. त्याला ओसरीवर कोण आणायचं, तर आजोबा. त्यांचं शिक्षण उर्दूतलं. सहीसुद्धा ते उर्दूत करायचे आणि घराचे जुने कागद तेच वाचू शकायचे. मराठी अक्षरं त्यांना लावून लावून वाचावी लागत. म्हणून औरंगाबादहून येणारा अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ पेपर संध्याकाळी गुरुजींनी मोठ्याने वाचायचा आणि आजोबांनी ऐकायचा, असा रिवाज पडला. एका सरांना त्यांनी बदल्यात अलिफ-बे शिकवलं. साताऱ्याकडचा एक तरुण कंदिलाच्या उजेडात पाटीवर उजवीकडून डावीकडे अक्षरं काढतोय आणि माझे आजोबा त्याला ‘हां, ऐसे’ म्हणतायत, हे मी पाहिलं आहे. देश एक झाला असं पुस्तकात असतं. मला तो त्या ओसरीवर एक होताना दिसला.

जेवणाचे हाल सगळ्यांचे सारखेच. खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, रविवारी येसराची आमटी. कोकणातून आलेल्या सरांना भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही, आणि आमच्याकडे तेव्हा भात म्हणजे सणाचा किंवा आजाऱ्याचा. कोल्हापूरकडच्या माणसाला पाणी जड वाटायचं. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली, परदेशची लाल ज्वारी, तिच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नसत. त्या वर्षी मागच्या खोलीतल्या गुरुजींनी खानावळ सोडली आणि आमच्या पंगतीला बसू लागले. आजीने भाड्याचा विषय काढला नाही, त्यांनी जेवणाच्या पैशांचा काढला नाही. सुगी आल्यावर त्यांनी गावाकडून तांदळाचं पोतं मागवलं आणि काही न बोलता आमच्या बळदाशेजारी ठेवून दिलं.

संध्याकाळ झाली की सगळ्यांची पावलं स्टेशनकडे. निजामाच्या काळात टाकलेली ती मनमाड-हैदराबाद लाईन तेव्हा मीटरगेज होती. फलाटावर एक कडुनिंब, खाली सिमेंटचा बाक, आणि त्या बाकावर आमच्या गावचा सगळा परमुलूख. इंग्रजीचे सर, चित्रकलेचे सर, तहसीलमधले एक कारकून, पोस्टमास्तर, जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर. कुणाला कुठे जायचं नसायचं. मनमाडकडे जाणारी गाडी यायची, दोन मिनिटं थांबायची, आणि निघून जायची. मनमाडला गाडी बदलली की तिथून प्रत्येकाची घरची वाट वेगळी फुटायची, एकाची नाशिककडे, एकाची खानदेशात, एकाची पुण्याकडे. गाडी गेल्यावर बराच वेळ कुणी बोलायचं नाही. मग कुणीतरी शेंगांची पुडी सोडायचं, ट्रान्झिस्टरवर सातच्या बातम्या लागायच्या, आणि वाद सुरू व्हायचे. कादंबऱ्यांवर, क्रिकेटवर, आणीबाणीवर, वेतन आयोगावर. आम्ही पोरं बाकामागे मातीत बसून ऐकायचो. विनोबा आणि नेमाडे ही दोन्ही नावं मी पहिल्यांदा त्या कडुनिंबाखाली ऐकली. शाळेत आम्हाला धडे मिळाले. मोठी माणसं मतभेद ठेवूनही रोज एका बाकावर बसतात, हे मात्र आम्ही स्टेशनवर शिकलो.

बाईंना स्टेशनवर जाता यायचं नाही. हे सांगितलं नाही तर वरचं सगळं अर्धवट राहील. कन्याशाळेत आलेल्या बाई, वय तेवीस-चोवीस, एकट्या. त्यांना खोली देताना घरमालक आधी माहेरचं विचारायचे, मग जात, मग ‘भेटायला कोण कोण येतंय’. सातनंतर बाहेर दिसल्या तर दुसऱ्या दिवशी चर्चा. सरांना गाव फिरायला मोकळं होतं, बाईंसाठी तेच गाव एका अंगणाएवढं होतं. त्या अंगणात त्यांनी काय काय केलं, हे आज साठी-सत्तरीला आलेल्या आमच्या गल्लीतल्या बायका सांगतात. एका बाईंनी शिवणयंत्र घेतलं आणि संध्याकाळी पोरींना परकर-पोलकं बेतायला शिकवलं. दुसऱ्या बाईंनी संक्रांतीला हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक वही दिली. वही वाण म्हणून! आमच्या आईने त्या वहीत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हिशेब लिहिला. ती वही आमच्याकडे आहे. बाईंचं नाव आईला शेवटपर्यंत पाठ होतं. आडनाव मात्र लग्नानंतर बदललं आणि पत्ता तुटला.

हिवाळ्यात सगळ्यांचं बस्तान रानात. हुरड्याचे दिवस. कुणाच्याही शेतात गुरुजींना बोलावणं असायचं. आगटीभोवती बसून हातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत ढाळे, बोरं, लसणाची चटणी. ‘गुरुजी, तुमच्याकडं असतंय का हे?’ असं विचारल्यावर देवरुखचे सर नकारार्थी मान हलवायचे आणि समुद्राबद्दल सांगायला लागायचे. भरती कशी येते, ओहोटीला वाळूवर काय राहतं, रात्री पाण्याचा आवाज घरात कसा येतो. ज्या गावात वाहत्या पाण्याचंही अप्रूप, तिथली माणसं काळ्या रानात बसून समुद्र ऐकायची. जूनमध्ये ते परत यायचे तेव्हा ट्रंकेतून फणसपोळी आणि कोकमं निघायची, इस्लामपूरच्या गुरुजींच्या ट्रंकेतून गूळ आणि कांदा-लसूण मसाला. महाराष्ट्राचा नकाशा आमच्या वर्गात टांगलेला होता. आम्हाला तो चवीने पाठ झाला.

आणि तार यायची. तार दुपारीच यायची असं मला का वाटतं कोण जाणे. पोस्टमन शाळेत न जाता आधी आमच्या घरी यायचा, कारण ती माणसाच्या हातात द्यायच्या आधी घरात कुणाला तरी सांगणं त्याला बरं वाटायचं. देवरुखच्या सरांचे वडील गेले तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण झाली 1998 मध्ये. परतूरहून मनमाड, मनमाडहून मुंबई, तिथून रात्रभर एसटी. ते पोचले तेव्हा सगळं उरकून गेलेलं होतं. तेरावं करून परतले, आणि दुसऱ्या दिवशी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन ओसरीवर तपासत बसले. आजोबा शेजारी येऊन बसले. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचलं गेलं नाही.

भूगोलाचे सर आमच्याच गावात गेले. ते नाशिक जिल्ह्यातले, सायखेड्याकडचे, गोदाकाठचे. नकाशा न बघता फळ्यावर गोदावरी काढायचे. त्र्यंबकपासून सुरुवात, नाशिक, मग स्वतःचं गाव, तिथे खडू जरा रेंगाळायचा, मग पैठण, मग आमच्या जिल्ह्याची दक्षिणेकडची कड, अंबड, घनसावंगी, परतूर, आणि पुढे नांदेडवरून थेट समुद्र. लग्न केलेलं नव्हतं. बदलीसाठी अर्ज दरवर्षी करायचे आणि दरवर्षी राहायचे. एका पावसाळ्यात ताप आला, जालन्याला हलवायचं ठरेपर्यंत रात्रीत खेळ संपला. सायखेड्याहून भाऊ निघाले, पण वाटेत नाले चढलेले. गाव किती वेळ थांबणार? शेवटी त्यांना खांदा दिला तो आमच्या गावाने. अग्नी दिला मुख्याध्यापकांनी. दहावीच्या पोरांनी मडकं धरलं. भाऊ तिसऱ्या दिवशी पोचले, राखेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘इथंच सोडा गंगेत. तीच आहे.’ अस्थी आम्ही आमच्या तालुक्यातल्या काठावर सोडल्या. त्यांच्या घरावरून आलेलं पाणी त्यांना घेऊन पुढे गेलं. घराकडे नाही गेलं, नदी उलटी वाहत नाही. माझ्या बालपणातलं खरं दुःख विचाराल तर ते हे. आमच्या घरातलं कुणी गेलं तेव्हा रडायला नातेवाईक होते. सरांसाठी रडायला गाव लागलं, आणि गाव रडलं.

नव्वदच्या दशकात लाईन ब्रॉडगेज झाली. गाड्या वाढल्या, फलाट वाढला. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला महिना तीन हजार रुपये मानधन आणि तीन वर्षांचा वनवास. 2012 मध्ये त्याचे सहा हजार झाले, सोळा हजार व्हायला 2023 उजाडावं लागलं. आमच्या भागातली डीएड झालेली पोरंही मग रायगड, रत्नागिरी, पालघरच्या पाड्यांवर गेली. जी माणसं एकेकाळी समुद्राकडून आमच्याकडे आली, त्यांच्या गावी आता आमचं तरुणपण जाऊन राहिलं. बदली मागायची तर ज्येष्ठता शून्य होणार. बिंदुनामावलीत जागा बसली पाहिजे. आपसी बदलीसाठी जोडीदार शोधा: जालन्यात कोण आहे ज्याला रायगड हवंय? पोरगं पाच वर्षांचं होईपर्यंत बाप त्याला दिवाळी आणि मे महिन्यातच दिसतो, अशी घरं माझ्या ओळखीत आहेत. ऐंशी वर्षांच्या एका आईने मला विचारलं, ‘पोरगा मास्तर झाला म्हणून पेढे वाटले होते, आता त्याला माघारी कोण आणून देईल?’ मी गप्प राहिलो.

घरापासून लांब शिकवणारे आणखीही आहेत. मस्कत-दुबईच्या भारतीय शाळांमधून शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांचं एकटेपण मोठं आहे, यात शंका नाही. पण परदेशात माणसं एकमेकांना शोधून काढतात. तिथे महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतो, तिळगूळ वाटला जातो. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत परका झालेल्या माणसासाठी कुणी मंडळ काढलं नाही. त्याला एकटं वाटतं हे कबूल करायलाही जागा नाही, कारण तो तर महाराष्ट्रातच आहे.

आणि आमच्याकडची बिऱ्हाडं संपली. कुणी हाकललं नाही. रस्ते झाले, मोटारसायकल आली, पोरांच्या शाळेसाठी जालन्यात किंवा औरंगाबादेत घर घेणं आलं. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्हा असा होरपळला की गावात राहा म्हणणाऱ्याच्या दारात टँकर यायची खात्री नव्हती. अप-डाउन सुरू झालं. आज शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी गाड्या वळवून ठेवलेल्या असतात. मुख्यालयी राहत असल्याचं लिहून दिलेलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी शिक्षकांना दोष देत नाही. ज्या गावात धड भाड्याचं घर नाही, दवाखाना नाही, नळाला पाणी नाही, तिथे बायकापोरांना आणून ठेवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? आमच्याकडे शिकवणारी आजची माणसं कालच्यांपेक्षा कमी हुशार नाहीत, कदाचित जास्तच शिकलेली आहेत. ती आहेत सकाळी साडेदहा ते पाच. त्यानंतर गावात शिक्षक नसतो. मोठ्याने वर्तमानपत्र वाचणारं कुणी नाही, फलाटावरच्या बाकावर वाद नाही, आणि वाण म्हणून वही देणाऱ्या बाई नाहीत. पोरांना शिक्षक फक्त शिकवताना दिसतो. जेवताना, हरताना, पत्र वाचताना, गावाकडच्या आठवणीने गप्प झालेला असताना दिसत नाही. हे नुकसान कुठल्याही परीक्षेच्या निकालात येणार नाही, आणि म्हणून ते भरून काढायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणायची पद्धत आहे. ते पेठेबद्दल, सरकीबद्दल, आता बियाण्यांच्या कंपन्यांबद्दल आणि लोखंडाच्या कारखान्यांबद्दल खरं असेल. आमच्या गावात सोनं ट्रंकेतून आलं आणि आम्ही ते महिना पंधरा रुपये भाड्याने ठेवून घेतलं, एवढं मला माहीत आहे.

शाळांचे सुवर्णमहोत्सव होतात, स्मरणिका निघतात. त्यात संस्थापकांचे फोटो असतात, मुख्याध्यापकांची यादी असते, देणगीदार असतात. दोन-तीन वर्षं राहून बदलून गेलेल्या गुरुजींचं नाव नसतं. पण प्रत्येक शाळेत शिक्षकांची जुनी हजेरीपत्रकं कपाटात असतात, निदान असायला हवीत. अंबडला, मंठ्याला, भोकरदनला, जाफराबादला, कुठेही तुम्ही शिकला असाल तर एकदा जा आणि ती उघडायला लावा. त्या सह्यांमधली काही माणसं अजून आहेत. ऐंशीच्या पुढची आहेत, इस्लामपूरला, देवरुखला, चाळीसगावला कुठेतरी मुलाकडे राहतात, आणि आपलं तरुणपण जिथे ठेवून आलो ते गाव आपल्याला विसरलं असं धरून चालतात. त्यांना शोधा. फोन लावा. आधी आपलं नाव सांगा, मग गल्ली सांगा, मग तुम्ही कितव्या बाकावर बसायचा ते सांगा. आणि गावाला बोलवा. येताना राहायची सोय विचारतील. मागची खोली अजून आहे म्हणावं.